खारीला खिसा नसतो

पानशेतच्या धरणाकाठी एका रिसॉर्टवर ठकुबाई झाडलोट करते. लहानपण वेल्ह्याच्या रानात शेरडं राखण्यात गेलं. शेकरूचं घरटं कुठल्या झाडावर आहे, हे ती खालूनच सांगते. पण रिसॉर्टवर तिला कोण विचारतो?

गेल्या वर्षी तिथला मॅनेजर सुयश याने पुण्याहून दोन राखाडी प्राणी आणले आणि पिंजऱ्यावर 'उडती खार' अशी पाटी लावली. दिवसा झोपणारी ती जनावरं. पाहुणे फोटोसाठी त्यांना उठवायचे, हातात घेऊन दाबायचे. ठकुबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एके सकाळी मादीच्या पोटावर फुगवटा दिसला. गाठ आहे, असं सुयशने ठरवूनच टाकलं. कापून काढायला भोरहून जनावरांचे डॉक्टर बोलावले. पण पिंजरा झाडताना त्या फुगवट्याच्या फटीतून दोऱ्याएवढी शेपटी हललेली ठकुबाईने पाहिली होती. तिने तसं सांगितलं. खारीची पिल्लं घरट्यात असतात, पोटात खिसा करून नाही, असं म्हणून सुयश हसला.

"तेच सांगते म्या," ती म्हणाली. "खारीला खिसा नसतो. ही खार न्हाई."

डॉक्टर उपेंद्र आले तेव्हा ती पिंजऱ्याच्या दारात उभी होती. सुयशने तिला शिकलेल्यांच्या कामात पडू नको म्हणून सुनावलं. ती हलली नाही.

"आदी नीट बगा, डॉक्टरसाहेब. मग काय कापायचं ते कापा."

डॉक्टरांनी फट अलगद उघडली. आत अंगठ्याएवढं, बिनकेसांचं पिल्लू आचळाला चिकटलेलं. मग त्यांनी सांगितलं, हा शुगर ग्लायडर. खारीसारखाच सस्तन, पण खारीच्या गणातला नव्हे. पोटावरच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या कांगारूच्या गोतातला. दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळे झाले. दिसायला सारखे, एवढंच.

हे ऐकून ठकुबाईचा राग निवला नाही, उलट भडकला. ती सुयशकडे वळली. "नाव चुकलं म्हणून लेकरू कापणार व्हतात तुमी."

सुयशने मान खाली घातली. पण दुपारी पिल्लाचा फोटो मोबाईलवर टाकताना शोध आपणच लावल्यासारखं लिहिलं. डॉक्टरांनी प्राण्यांना कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिली होती, तीही दोन दिवसांत विसरला. तेव्हा ठकुबाईने कामाच्या खोलीतून पिंजऱ्याची किल्ली उचलली आणि कमरेला खोचली. सुयश परत मागायला आला, तर दिली नाही.

आता पिल्लू आईच्या पाठीवर बसतं. रविवारी कुणी पाहुणी दार उघडा म्हणून हुज्जत घालते, तेव्हा ठकुबाई हातातला झाडूही खाली ठेवत नाही.

"निजलीया ती. बाळंतीण हाय."