कोनाड्यातली मिसरी

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि घरातले देव गावाबाहेर गेले. रिकाम्या कोनाड्यात सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मिसरीचा डबा ठेवला. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दिवसातून चार वेळा दातांना घासत बसायचं. देव काढताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. डब्याला हात लावला असता तर मात्र घर डोक्यावर घेतलं असतं.

दोन वर्षांनी मला दिवस गेले. माहेरी आई नव्हती, म्हणून नेरजवळच्या सासरच्या गावीच राहिले. उलट्यांनी जीव नकोसा झाला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मिसरी लाव वं. मळमळ जाते. लेकरू बी बारीक राह्यते, बाळंतपन सोपं जाते. माही सात झाली अशीच." सातांतली तीनच जगली, हे त्या सांगत नसत. मी विचारलंही नाही. सातवी शिकलेली ना मी!

आमचे हे तर शहाण्यांचे मेरुमणी. ग्रहण लागलं तेव्हा ह्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि सगळ्या मोहल्ल्यासमोर वांगी चिरायला लावली. "पाहा, दोन जीवाच्या बाईले काही होत नाही!" मीही तोंडात मिसरी धरून मोठ्या ऐटीत चिरत होते.

मुलगी झाली ती ओंजळीएवढी. दूध ओढायचं बळ नव्हतं. आठव्या दिवशी गेली. गाव म्हणालं, ग्रहण. आत्याबाई म्हणाल्या, ग्रहण. आणि ओसरीवर व्याख्यान झोडणाऱ्या ह्यांची मान खाली. जगाची अंधश्रद्धा मोडायला निघालेला गडी, आठ दिवसांत ग्रहणाला भ्यायला! मी दातांवर बोट फिरवत रडत होते. त्या घरात अक्कल कुणालाच नव्हती, मला धरून.

पुढच्या खेपेला नेरहून बसने नर्सबाई आली. माझे काळे दात पाहिले आणि बसायच्या आधीच भडकली. "ग्रहणानं लेकरू मरत नसते बाई. तू तोंडात घेते ते विष रक्तातून त्याच्यापर्यंत जाते. मंग ते वाढन कसं?"

"कायले आयकतं तिचं?" ती गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या. "पोर मोठं झालं म्हंजे अडकन, तवा समजन तुले."

मी उठले आणि अख्खा डबा चुलीत उपडा केला. पंधरा दिवस माझं डोकं ठणकत होतं आणि आत्याबाईंचा अबोला बाळंतपणापर्यंत टिकला. ह्यांनी नेहमीप्रमाणे काही पाहिलंच नाही.

मुलगा झाला. बाळंतपण जड गेलं, तेवढंच आत्याबाईंना समाधान. नर्सबाईने पोर माझ्या हातावर ठेवलं तसा माझा हात खाली गेला. पहिलीला मी आठ दिवस उचलून घेतलं होतं, आणि मला वाटलं होतं, बाळं एवढीच हलकी असतात.