ठशात न दिसणारं

“नावावर जाऊ नका, ठसा बघा,” असं म्हणत मॅडम पेन्सिलीचं टोक पडद्यावरच्या एकेका अक्षराखाली धरायच्या. आमच्या साखर कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे त्या आणि मी. मूळच्या पुणतांब्याच्या, शिक्षकाच्या घरातल्या. रविवारी चर्च चुकवायच्या नाहीत, आणि सोमवारी कुणाचीही फ्लॉपी तपासल्याशिवाय मशीनला लावू द्यायच्या नाहीत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा आधी रागच येतो.

फाइलचा ठसा म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. मशीन सगळी फाइल वाचून ती काढतं. फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी ओळ पार बदलते. नाव तेच असलं तरी फाइल तीच आहे का, हे त्यावरून कळतं.

एका हंगामात पावत्यांवर उसाचं वजन कमी येतंय, अशी कुरकुर सुरू झाली. मॅडमनी वजनकाट्यावरच्या मशीनमधल्या फाइलींचे ठसे काढले. बाकी साऱ्या मूळ फ्लॉपीशी जुळल्या, वजनाच्या प्रोग्रामची तेवढी जुळेना. काट्यावर तिसगावचा एक ऑपरेटर होता, दोन मुलींचा बाप. कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी त्यालाच धरलं. यानेच फाइल बदलली असं लिहून द्या, म्हणून मॅडमच्या मागे लागले.

“फाइल बदललीय, हे लिहून देते,” मॅडम म्हणाल्या. “कुणी बदलली, ते ठशात दिसत नाही.”

साहेबांचा आवाज चढला. ऑपरेटर दारातच उभा होता. “म्या हात लावला न्हाई,” एवढंच तो जमिनीकडे बघत बोलला.

फाइल कंपनीनेच तर बदलली नसेल ना, म्हणून मॅडमनी प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला पुण्याला फोन लावला आणि त्यांच्या नव्या प्रोग्रामचा ठसा मागितला. लाइन खराब. ‘बी’ की ‘डी’ यावर दोन्ही टोकांना घासाघीस चाललेली, आणि मी एकेक अक्षर ताडून बघतोय. शेवटचंही जुळलं. फाइल कंपनीचीच होती. हंगामाआधी दुरुस्तीला आलेल्या त्यांच्या इंजिनिअरने ती कुणाला न सांगता टाकली होती, आणि ती वजनातले पूर्ण क्विंटलच्या वरचे किलो गाळत होती.

वजनं दुरुस्त झाली, ऑपरेटर कामावर राहिला. साहेबांनी मात्र मॅडमशी बोलणं टाकलं. उन्हाळ्यात मॅडमना पुण्यात नोकरी लागली, तेव्हा निरोपाचा साधा चहाही झाला नाही.

त्यांची ट्रंक घेऊन मी काष्टीच्या स्टँडवर गेलो, तर ऑपरेटर बायको-मुलींना घेऊन आधीच आलेला. “मॅडम, तुमच्यामुळं आमी हितं हाय,” तो म्हणाला. धाकटीच्या गालावरून हात फिरवून मॅडम एसटीत चढल्या.

गाडी दौंडच्या रस्त्याला लागली, धूळ खाली बसली, मुली उसाच्या रसाच्या गाड्याकडे पळाल्या, तरी तो हात जोडून तसाच उभा होता.