बाजूला टाकलेला शेजारी

दापोडीत आजवर जेवढी माणसं जेवली असतील, त्यांत सगळ्यात मनापासून जेवणारा माणूस टांझानियाहून आला होता आणि आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होता, हे माझं ठाम मत आहे. गल्लीतल्या लोकांना ते पटणार नाही. इथे घरटी एखादा सहा भाकऱ्या खाणारा निघतोच. पण मी खूप खाण्याबद्दल बोलत नाही. हा माणूस भाकरी कानाशी नेऊन मोडायचा, पापुद्र्याचा आवाज ऐकायचा, मान डोलवायचा आणि मग वाढणाऱ्या बाईला विचारायचा, "मावशी, तुमचं नाव काय?" नाव कळल्याशिवाय घास तोंडात जात नसे. पिंपरीपासून निगडीपर्यंतच्या झाडून सगळ्या खानावळींत जेवून गेलेली माणसं आहेत, पण पोळ्या लाटणाऱ्या बायकांची नावं पाठ असलेला हा एकटाच. त्याचं नाव मात्र मी इथे लिहीत नाही. त्याला विचारलेलं नाही, आणि त्याला न विचारता मी जे करून बसलो आहे तेवढं पुरे.

तो पुण्यात शिकायला आला आणि पुढे चाकणच्या एका कंपनीत लागला. तिथली यंत्रं आफ्रिकेत जात, तिकडच्या गिऱ्हाइकांशी बोलायला त्यांना माणूस हवा होता. पहिली दोन वर्षं तो चाकणजवळच्या एका खेड्यात भाड्याने राहिला आणि मराठी शिकला ती तिथल्या घरमालकिणीकडून, तिच्या गोठ्यात उभं राहून. त्यामुळे ती मराठी अस्सल मावळची होती. बँकेत जाऊन तो साहेबाला म्हणायचा, "सायेब, फारम आमी कवाच भरलाय, तुमचा शिक्का तेवढा ऱ्हायलाय." साहेब हसता हसता दोनदा शिक्का मारायचा. रिक्षावाले त्याला बघून हिंदी किंवा इंग्रजी सुरू करत. एकदा मी बरोबर असताना एकाने विचारलं, "किधर जाना है, बॉस?" हा म्हणाला, "मराठीत बोला की भाऊ. हिंदी आमाला न्हाई जमत." रिक्षावाला लातूरकडचा. तो पार वळून बसला. "राव, तुम्ही कुठले म्हणायचे?" "दापोडीचा. आन तुमी?" चिंचवड येईपर्यंत दोघं लातुरातल्या मटणाबद्दल बोलत होते आणि मी मध्ये सामानासारखा बसून होतो. रस्त्यात माणसं वळून वळून बघायची त्याच्याकडे. काही जण बोलायचेही, आणि ते काही चांगलं नसायचं. हा सगळ्यांना सरसकट हात हलवून "जेवला का?" विचारायचा. निम्मे लोक ओशाळून "हो" म्हणायचे. उरलेल्यांचं काय, असं मी एकदा विचारलं. "ते उपाशी असत्यात काका," तो म्हणाला.

माझ्या बायकोशी त्याचा कायमचा वाद होता. त्याच्या भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', आणि चपातीला चक्क चपाती. "म्हंजी बगा काकू, आमचंच हाय ते, तुमी नेलं." बायको लाटणं उगारून म्हणायची, "नेलं तर नेलं, पण तुझ्या आईची चपाती फुगते का ते सांग." मग तो आईला फोन लावायचा आणि दोन बायका एकमेकींचं अवाक्षर न समजता अर्धा अर्धा तास चपातीवर बोलायच्या.

रविवार सकाळ त्याच्या व्हिडिओची. दर रविवारी एक खानावळ, एक मावशी, आणि सुरुवात मावशीच्या नावाने. फोनच्या कॅमेऱ्यात त्याचा चेहरा काळवंडून जायचा. मागची भिंत लख्ख दिसायची आणि माणूस नाही. म्हणून तो आमची पितळी परात घेऊन जायचा आणि मला बरोबर न्यायचा. ऊन पकडून त्याच्या तोंडावर पाडायचं, हे माझं काम. हात भरून यायचे. तो इतकं सुंदर बोलायचा की मी ऐकत राहायचो, परात कलायची आणि उजेड मावशीच्या डोळ्यांत जायचा. "काका, ऊन कुटं चाललं?" असा तो ओरडायचा. एवढं करून बघणारे चाळीस-पन्नास. त्यांत एक तो, एक त्याची आई.

हे व्हिडिओ नुसती हौस नव्हते. चाकणच्या कंपनीचा त्याच्याशी असलेला करार दिवाळीला संपणार होता, आणि नोकरी नसेल तर इथे राहायचे कागदही संपणार होते. भोसरीतल्या एका मसालेवाल्याने त्याला कबूल केलं होतं, दिवाळीपर्यंत बघणारे वाढले तर आमच्या जाहिरातीचं काम तुला, कागदपत्रं आम्ही बघतो. तेव्हा त्याला इथे राहता येणार की जावं लागणार, ते त्या व्हिडिओंवर होतं.

एका रविवारी त्याने परात स्वतः धरली आणि मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मी गोरा, तोंडावर भाव म्हणून नाही. "ही भाकरी आहे. ही ज्वारीची आहे," असं मी सोसायटीची नोटीस वाचल्यासारखं बोललो. तीच खानावळ, तीच मावशी. त्याच जागी त्याने स्वतःचाही व्हिडिओ केला. संध्याकाळपर्यंत माझी भाकरी चार हजार लोकांनी पाहिली. त्याची एकेचाळीस. तो पोट धरधरून हसला. "काका, तुमी मढ्यावानी बोलताय, तरी लोकं बगत्यात!" मीही हसलो. पण असं का होतं ते आम्हा दोघांत मला एकट्याला माहीत होतं.

आता सांगतो. मी बावीस वर्षं चाकणच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात काढली. पट्ट्यावरून तयार माल येतो, हातात घ्यायचा, बघायचा; चांगला तर पुढे, शंका आली की लाल पेटीत. कसली शंका, हे कोणी विचारत नाही. डाग दिसला, झाक वेगळी वाटली, टाक बाजूला. आमची लाईन बंद झाली तेव्हा चिंचवडच्या एका ऑफिसात मला काम मिळालं. तिथे पट्ट्याऐवजी पडदा होता आणि मालाऐवजी माणसं. तो आपले व्हिडिओ टाकायचा त्याच ॲपवरचे व्हिडिओ येत, एकेकाला तीन सेकंद. चेहरा स्पष्ट आहे का, बघायला बरं वाटतं का, एवढंच ठरवायचं आणि बटण दाबायचं : 'पुढे' किंवा 'बाजूला'. कोणाचा व्हिडिओ लोकांपुढे न्यायचा आणि कोणाचा नाही, हे आमची बटणं बघून मशीन शिकत होतं. माझा हात बावीस वर्षांचा तयार. सुपरवायझर पोरगी माझं उदाहरण द्यायची, "सर बघा, एकदाही अडखळत नाहीत." काळा चेहरा आला की मला तो अंधारा वाटायचा, शंका यायची, आणि शंका आली की हात आपोआप जायचा. असे किती जण मी बाजूला टाकले, मला माहीत नाही. मला ते चेहरे आठवतही नाहीत, आणि हेच सगळ्यात वाईट आहे.

भाकरीच्या त्या रविवारनंतर तरी हात थांबायला हवा होता. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पडद्यावर तोच आला. आमचा. कुठल्या तरी मावशीचं नाव घेत होता. आमच्यातल्या तिघांना एकच व्हिडिओ दाखवून उत्तरं जुळतात का बघत, आणि ज्यांची जुळत नाहीत त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणत. त्या महिन्यात दोघांना तसं सांगितलं होतं. बाकीचे दोघं काय दाबणार ते मला ठाऊक होतं. तो जिना उतरताना कितव्या पायरीवर आहे हे मी घरात बसून सांगू शकत होतो, इतका माझ्या ओळखीचा तो माणूस. मी 'बाजूला' दाबलं. तीन सेकंदही लागले नाहीत.

दिवाळीनंतर तो गेला. खाली गाडी उभी होती आणि हा गल्लीतल्या प्रत्येकाचा नावानिशी निरोप घेत होता. इस्त्रीवाल्याने त्याला मिठी मारली, बायको पदर तोंडाला लावून उभी. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "कॅमेऱ्याला मी आवडलो न्हाई काका, दुसरं काय." मी म्हणालो, "पोहोचलास की फोन कर." एवढंच म्हणालो. चार महिन्यांत चिंचवडचं कामही बंद झालं. मशीन शिकलं होतं. मला तर राजीनामा द्यायचीही संधी मिळाली नाही.

रविवार सकाळ अजून येते. आंघोळ करून मी तयार होऊन बसतो आणि मग कुठे जायचं नाही हे आठवतं. वरच्या मजल्यावर आता दोन मुलं राहतात, चांगली आहेत. त्यांना कोण काय जेवायला घालतं, त्या बाईचं नाव काय, ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही.

गेल्या महिन्यात मी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. बटण, सेकंद, दसरा, सगळं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, हे लई वाईट केलंत." मी म्हणालो, "हो." मला वाटलं आता तो फोन ठेवणार. तेवढ्यात त्याने व्हिडिओ कॉल लावला. तो खिडकीला पाठ करून बसला होता, मागे भर दुपारचं ऊन, त्यात त्याची नुसती आकृती. मी म्हणालो, "दिसत नाहीस रे. जरा उजेडाकडे तोंड कर."

"न्हाई करणार," तो म्हणाला. "तुमीच बगा नीट."

मी चष्मा पुसला आणि फोन जवळ धरला. हळूहळू डोळे सरावले. आधी कपाळ दिसलं, मग गालाचं हाड, मग डोळे. तो थकलेला वाटत होता, दाढीत एक-दोन केस पिकले होते. तो हसत नव्हता. आतून बायकोने विचारलं, "कोण आहे हो?" मी तिला हाताने थांब म्हटलं आणि बघत राहिलो.