डिस्क झोपवू की चालू ठेवू

आमच्या बदलापूरच्या घरात कॉम्प्युटरच्या टेबलाखाली एक काळा डबा होता. डब्यात मोठी हार्ड डिस्क, आणि त्या डिस्कमध्ये माझ्या मावशीचा आवाज. मावशी धवलारीण. आगरी लग्नांत मांडवाचा खांब रोवण्यापासून हळद उतरेपर्यंतचे विधी ती गाऊन पार पाडते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. तिचं गाव बारवी धरणाच्या बाजूला. सहा वर्षं मी शाळेच्या सुट्ट्यांत तिकडे जाऊन तिचे धवले रेकॉर्ड करत होते. मी शिक्षिका, हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तिच्यानंतर गाणारं घरात कुणी नव्हतं.

डबा दिवसभर चालू असायचा. एका उन्हाळ्यात सहज हात लावला तर चांगलाच तापलेला. मी सेटिंग बदललं : दहा मिनिटं काम नसेल तर डिस्कने थांबायचं. तिथून माझं डोकं फिरायला लागलं. डिस्क 'टक्' करून थांबायची. मग कॉम्प्युटरला मध्येच काहीतरी आठवायचं आणि ती घरघरत उठायची. मी वह्या तपासत असले तरी कान तिकडेच. आता थांबली. आता उठली. एकदा त्या नादात भाजी करपली.

सासऱ्यांना हे अजिबात पटलं नाही. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळून निवृत्त झालेले.

"अगं, मशीन चालण्याने खराब होत नाही," ते म्हणाले. "दर वेळी उठताना जो झटका बसतो ना, त्याने होते. चालू ठेव."

"पण बाबा, तापते ती."

"मग पंखा लाव."

मी 'कधीच थांबू नको' असं करून ठेवलं. चार दिवसांनी कुठेतरी वाचलं, की काम नसताना फिरवत ठेवली तर डिस्क उगाच झिजते. केली वीस मिनिटं. मग दुसऱ्या कुणी लिहिलेलं, की डिस्क ठरावीक वेळाच उठू शकते, उगाच उठवू नये. केला एक तास. बाहेर पडताना पायात चप्पल घालून परत आत यायचे, सेटिंग बघायला.

नवरा एकदा म्हणाला, "मावशीची एवढी चौकशी फोनवर तरी करतेस का?"

लागलं मला ते. त्या वर्षी मी तिच्याकडे एकदाही गेले नव्हते.

एका शुक्रवारी सकाळी दोनदा लाइट गेली. ती आल्यावर कॉम्प्युटर लावला तर डब्यातून टिक, टिक, टिक, आणि मग काहीच नाही. सासरे खाली बसले, डब्यावर तळहात ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. "उठत नाहीये गं ही," एवढंच म्हणाले. 'मी सांगितलं होतं,' असं काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये डिस्क दुरुस्त करणारे एक वयस्कर सिंधी गृहस्थ आहेत. त्यांनी ती कानाशी धरली आणि म्हणाले, "मॅडम, अब इसको चालू मत करना. जितनी बार लावाल, उतनी आतून घासेल."

मला एकच विचारायचं होतं. "मी झोपवत होते म्हणून झालं, की चालू ठेवली म्हणून?"

त्यांनी खण उघडून दाखवला. आत डिस्कच डिस्क. "ये देखो. कोणी चोवीस तास चालवतो, कोणी रोज बंद करतो. सब इधर आते हैं. तुमची दुसरी कॉपी किधर है?"

इतके दिवस मी मिनिटं बदलत बसले होते. कॉपी करायचं सुचलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी बरंचसं परत मिळालं, पण पहिल्या दोन वर्षांचं काही उघडेना. हळदीचे सगळे धवले त्यात होते. नवी डिस्क आणली. सासरे म्हणाले चालू ठेव, नवरा म्हणाला झोपव. मी एक तासावर ठेवली आणि वेगवेगळ्या तीन ठिकाणी कॉपी केल्या. तरी आवाज आला की अजून मान वळते.

मग मावशीकडे गेले. ती ओटीवर तांदूळ निवडत होती.

"मावशी, तुझी गाणी हरवली माझ्याकडून," म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

"कनाला रडतंस? मना काय जालाय? बस. मशीन लाव."

ती गायला लागली. आवाज पूर्वीपेक्षा खाली आलेला, मध्ये मध्ये खोकला. एका गाण्यात ती अडली. मी म्हटलं राहू दे. तिने हातानेच मला थांबवलं आणि समोरच्या घरातल्या म्हातारीला हाक मारली. ती इतकी वर्षं तिच्या मागे गाणं धरायची. दोघी त्या एका ओळीवरून भांडल्या. शेवटी ओळीच्या एका रूपावर एकमत झालं. हरवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हीच ओळ होती का, मला नाही सांगता येणार. दोन धवले तर आठवलेच नाहीत.

निघताना मावशीने विचारलं, "परत कवा येशील?"

"रविवारी."

रविवारी गेले, तर समोरची म्हातारी आधीच येऊन बसली होती.