शोभेची वस्तू

आमच्या बाबांना एका शब्दाचा भयंकर राग. खेळणं. उरवडे गावातल्या आमच्या शेडमध्ये बनणाऱ्या छोट्या आगगाडीला कुणी चुकून खेळणं म्हटलं, की हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ते त्या माणसाची शिकवणीच घ्यायचे. ही प्रतिकृती आहे, खरं इंजिन मोजून त्याच प्रमाणात लहान केलेलं. चाळीस वर्षं हेच. लहानपणी मला याचा काय तो अभिमान वाटायचा. पुढे धंदा माझ्या गळ्यात पडला, तेव्हापासून नुसतं डोकं उठायचं.

मागच्या वर्षी तर कहर झाला. गिऱ्हाईकं आधीच आटली होती; जुने हौशी लोक म्हातारे झाले, आणि जवळच्या नांदे गावातल्या नव्या सोसायट्यांतली पोरं मोबाईलवरच आगगाड्या पळवतात. तेवढ्यात शहरातल्या एका मोठ्या दुकानानं दोनशे इंजिनं मागितली. ही ऑर्डर हातची गेली तर शेड बंद, इतकं सरळ होतं. पण दुकानाच्या खरेदीवाल्या साहेबानं अट घातली. धावणारी गाडी म्हणजे खेळणं, आणि खेळण्याला प्रमाणपत्र हवं. त्यासाठीच्या तपासण्या, यंत्रं, सगळं आमच्या आवाक्याबाहेरचं. मग त्यानंच तोड सुचवली: मोटार काढून टाका आणि खोक्यावर 'शोभेची वस्तू' छापा.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी माझ्या नवऱ्याकडे मागायचे. तिसऱ्या दिवशी मात्र गुपचूप येऊन मोटारी काढायला बसले. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

कसलं काय. टेम्पो यायच्या दिवशी सकाळी मी खोकी मोजायला गेले, तर निम्म्याहून जास्त रिकामी. इंजिनं रंगवणाऱ्या आमच्या मावशी गावातल्याच, त्यांना विचारलं. ब्रश न थांबवता त्या म्हणाल्या, "सायेब मागं हायेत. इंजिनं हातानं ढकलत्यात."

बाबा खरंच ढकलत होते. आमच्याकडे प्रत्येक इंजिन रुळांच्या वेटोळ्यावर तीन फेऱ्या मारूनच खोक्यात जायचं. आता मोटार नाही, तर बाबा बोटानं ढकलून तीन फेऱ्या पुऱ्या करत होते. मोटारीचं वजन गेल्यानं इंजिन हलकं झालेलं, वळणावर रुळांवरून उतरायचं. मग ते उघडायचं, आत लोखंडाचा तुकडा चिकटवायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. शंभराच्या वर बाकी होती.

मी ओरडले. अहो, लोक ती कपाटात ठेवणार आहेत, काचेआड, चालून कुठे जायचंय त्यांना, तिकडे टेम्पो दारात उभा आहे, असं तोंडाला येईल ते बोलले. रडूही येत होतं, पण रडायला सवड कुणाला होती. बाबांनी पुढचं इंजिन रुळांवर ठेवलं.

"कुणीतरी एकदा ढकलून बघेलच ना," ते म्हणाले.

कप्पाळ माझं. टेम्पोवाल्याला उद्या ये म्हणून परत पाठवलं आणि दुकानाला फोन केला. माल एक दिवस उशिरा येईल म्हटलं. साहेबानं कारण विचारलं. खोटं काही सुचेना, तेव्हा सांगून टाकलं, की इंजिनं वळणावर घसरतायत. तो हसायलाच लागला. "मॅडम, शोभेची वस्तू ना ती? चालून कुठे जायचंय तिला? आजच पाठवा, नाहीतर राहू द्या."

घटकाभरापूर्वी मी बाबांना हेच बोलले होते. त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग राहू द्या," मी म्हणाले. "आमची इंजिनं चालतात."

फोन ठेवला. धंदा मीच संपवला होता, आणि मागच्या खोलीत बाबा अजून एकेक इंजिन ढकलत बसले होते. आता हे त्यांना जाऊन सांगायचं होतं.