पिवळ्या घराची इस्त्रीची बाजू

इंगर-लिसला काळजी करायला कारण लागत नसे. कारण मिळालंच, तर मग ती अगदी पद्धतशीर काळजी करी. ओडेन्सला असताना ती कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. दुसऱ्याच्या तोंडात आपला दात नीट बसेल ना, हा घोर तिनं आयुष्यभर पोसला. नवरा गेल्यावर ती बहिणीच्या ओढीनं मॉर्स बेटावर राहायला आली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत बहीणच उठून मुलाकडे कोपनहेगनला गेली. मागं राहिली ही, विटांचं एक बुटकं घर, आणि रंगीबेरंगी मण्यांनी भरलेल्या बरण्या.

मणी म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीचे बारीक तुकडे. खुंट्यांच्या पाटीवर एकेक मणी रचत जायचं, चित्र पुरं झालं की वर बेकिंगचा कागद ठेवून इस्त्री फिरवायची. मणी एकमेकांना चिकटतात आणि पाटीवरून सबंध चित्र निघून येतं. या देशात बालवाडीत जाऊन हे न केलेलं माणूस सापडायचं नाही, आणि हे मणी तर याच बेटावर तयार होतात. पण सात-आठ वर्षांचं पोर झालं की तेही हा नाद सोडतं. इंगर-लिसनं तो साठीनंतर धरला. जुन्या संगणक-खेळांतल्या चित्रांसारखी चौकोनाचौकोनांची चित्रं ती करी: फेरीबोट, दीपगृह, माशांची पेटी. कवळ्यांच्या कामातलाच चिमटा, त्याच कामातला दिवा. आणि रस्त्याच्या बाजूचा पडदा ओढलेला.

एकदा फेरीबोट खिडकीत सुकत ठेवलेल्या कपड्यांमागे राहून गेली आणि शेजारची बोडिल कुंडी परत द्यायला आली.

"नातवानं केली वाटतं?"

"मला नातवंडं नाहीत," इंगर-लिस म्हणाली. "मीच केली."

बोडिलनं चित्र जवळ नेऊन पाहिलं, लांब धरून पाहिलं. "मग एप्रिलात समोरच्या रिके आणि लासेच्या लग्नाची कमान आहे, तिच्यावर लावायला काहीतरी कर. त्यांचं घरच कर ना."

दोन वर्षांत या रस्त्यानं इंगर-लिसकडे काही मागितलं नव्हतं. लोक मान हलवून नमस्कार करत, वाऱ्यानं पडलेला कचऱ्याचा डबा उभा करून ठेवत, पण तेवढंच. इथं माणूस आपलं झालं हे कुणी तोंडानं सांगत नाही, काम सांगतात. तिला काम सांगितलं होतं. ते बिघडलं तर दुसऱ्यांदा कुणी सांगणार नाही, हे तिनं त्याच क्षणी ठरवून टाकलं.

लग्नाला साडेबारा वर्षं झाली की ते तांब्याचं लग्न. पंचवीसच्या चांदीच्या लग्नाचा हा निम्मा टप्पा, म्हणून शेजारी दाराशी हिरव्या फांद्यांची कमान बांधतात तीही निम्मीच: एका बाजूनं वर चढते आणि दाराच्या डोक्यावर मधेच तुटते. या रस्त्यावर ती दाराच्या डावीकडे उभी करायचा रिवाज. तेव्हा इंगर-लिसनं रिकेचं पिवळं घरही निम्मंच करायचं ठरवलं. स्वयंपाकघराची खिडकी, निळा पडदा, लाल कौलं, आणि दाराच्या ऐन मध्यावर सरळ कापलेली कड. ती कड दाराकडे आली की झालं.

तिची नेहमीची रीत अशी होती. ती चित्र पाटीवर उलटं रचायची, आरशात दिसावं तसं. वरून इस्त्री करायची. मग पाटीवरून काढून पालथं केलं की खालची, आच न लागलेली बाजू दर्शनी व्हायची आणि चित्र सुलटं दिसायचं. त्या बाजूला मणी गोल राहतात, प्रत्येकाचं भोक टाचणीनं पाडल्यासारखं दिसतं. इस्त्रीची बाजू चपटी, तेलकट, भोकं बुजलेली, ती भिंतीकडे. या छंदात बुडालेली माणसं असल्या गोष्टींवर तासन् तास बोलू शकतात. बाकीच्यांना त्यात दोन बाजू असतात हेसुद्धा ठाऊक नसतं.

घर मोठं होतं, पाट्या जोडून जोडून टेबल भरलं. सगळं रचून झालं आणि इस्त्री तापायला ठेवल्यावर तिला शंका आली. इतक्या मोठ्या कामावर इस्त्री फिरवताना खालच्या पाट्या तापून वाकल्या तर? एक पाटी उचलली गेली तर मणी सांडलेच. मग तिनं आयत्या वेळी दुसरी रीत धरली: चित्रावर रुंद चिकटपट्ट्या लावल्या, पट्ट्यांसकट ते पाट्यांवरून उचललं, पालथं केलं, आणि खालच्या अंगानं इस्त्री केली. एप्रिलचा वारा, पाऊस, कमानीची हलती फांदी हे सगळं डोळ्यांपुढे येऊन तिनं इस्त्री जरा जास्तच वेळ दाबली. एका ठिकाणी कौलांचा लाल पिवळ्यात उतरला. उतरू दे, ती म्हणाली, मागची बाजू आहे.

शुक्रवारी दुपारी पट्ट्या सोलल्या. मणी असे गोल, असे टपोरे, की तिचं तिलाच हसू आलं. ते घेऊन ती स्वतःच्या दाराशी गेली आणि डाव्या बाजूला धरून पाहिलं. कापलेली कड दाराकडे नव्हती. ती बाहेर, कुंपणाकडे तोंड करून होती.

चित्र तिनं सवयीनं उलटं रचलं होतं, वरून इस्त्री करायची म्हणून. आणि मग भीतीपोटी खालून इस्त्री केली होती. चांगल्या बाजूनं घर कायमचं उलटं झालं होतं. सुलटं होतं ते फक्त मागच्या बाजूनं, जिथं तिनं चीज भाजावं तसं भाजून ठेवलं होतं. संध्याकाळी रस्त्यावरच्याच प्रेबेनच्या गॅरेजमध्ये फांद्या बांधायला सगळे जमणार होते आणि नवं करायला निदान आठवडा हवा होता.

ताप आल्याचं कळवावं असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, बोडिल सूप घेऊन येईल आणि टेबलावर सगळं बघेल. शेवटी तिनं ते घोंगडीत गुंडाळलं, चांगली बाजू छातीशी धरली आणि निघाली. प्रेबेनचं घर दोन घरं टाकून होतं, पण वाट तिला संपता संपेना.

गॅरेजमध्ये स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या फांद्यांचा ढीग होता, बिअरच्या बाटल्या होत्या. प्रेबेन तारेनं फांद्या आवळत होता. "आली बघा कलाकार. आम्ही आपले झाडं तोडणारे."

"काढ ना, बघू," म्हणत बोडिलनं स्वतःच घोंगडी ओढली. वर आली ती इस्त्रीची बाजू.

प्रेबेन तार खाली ठेवून जवळ आला.

"रिकेचं स्वयंपाकघर," प्रेबेन म्हणाला. "आणि चकचकीत केलंयस की. आमच्या पोरीची बालवाडीतली बाई इस्त्री अशी कच्ची करायची, की घरी आणेस्तोवर निम्मे मणी गाडीत."

"ही बाजू नव्हती दाखवायची," इंगर-लिस म्हणाली. तिनं सगळं सांगितलं: आधीची रीत, नंतरची रीत, भीती. मग चित्र फिरवून चांगली बाजू वर केली. "ही खरी."

तिघंचौघं वाकले. बोडिलनं चष्मा पुसून पुन्हा लावला.

"ही?" ती म्हणाली. "हिला तर अजून इस्त्री व्हायचीय."

"आणि घर उलटं आहे," प्रेबेन म्हणाला. "लासे चार घोट घेऊन घरी यायचा आणि शेजाऱ्याच्या दारात शिरायचा. नवं काही नाही म्हणा त्यात."

इंगर-लिसनं समजावायला तोंड उघडलं: गोल भोकं, सारखी कड. मग मिटलं. यांना प्रत्येकाच्या फ्रिजवर लागलेली चित्रं माहीत होती, चपटी आणि तेलकट, आणि यांच्या लेखी मण्यांचं चित्र असंच दिसायचं. प्रेबेननं इस्त्रीची बाजू पुढे ठेवून ते तारेनं बांधलंसुद्धा. तिचा जीव काही भांड्यात पडला नाही. माझं मन राखायला म्हणताहेत, ती घरी जाताना म्हणत राहिली. रिके मन राखणारी नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येण्याआधी, जोडप्याला गाण्यानं उठवायला, सगळे पिवळ्या घरापुढे जमले. गार वारा सुटला होता. कमान डावीकडे उभी होती आणि तिच्यावर निम्मं घर, कापलेली कड बरोबर दाराकडे. बोडिलच्या भावानं तुतारी तोंडाला लावली, लोकांनी गाणं म्हटलं, आणि रिके घरातल्या झग्यात, लासे अनवाणी, दारात आले. गाणं संपेपर्यंत रिके हसत होती. मग कमानीपाशी आली, चित्र पाहिलं, आणि हसू थांबलं.

"हा निळा पडदा," ती म्हणाली, "मी मागच्या महिन्यात काढून टाकला."

इंगर-लिस मागं सरकली. डागाची भीती होती, हे तर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं: आपण इतके दिवस यांच्या खिडकीत बघत होतो हे आता सगळ्या रस्त्याला कळलं.

"म्हणजे समोरून आमच्यावर नजर आहे तर," लासे म्हणाला. "बघा हं, मी आजपासून भांडी घासतो."

लोक हसले. इंगर-लिसनं काहीतरी पुटपुटलं, माफ करा असंच काहीतरी.

"का माफ?" रिके म्हणाली. "मी नाही का बघत? सकाळी उठले की आधी तुझ्याकडचा दिवा बघते. तो लागलेला नसला की मला चैन पडत नाही." मग पडद्याच्या निळ्या मण्यांवर बोट ठेवून म्हणाली, "परत लावावा लागेल. चांगला दिसत होता."

आत पाव होते, चीज होतं, आणि रिवाजाप्रमाणे कडू दारूचा एकेक घोट. इंगर-लिस टेबलाच्या कडेला बसली. जिथं लाल पिवळ्यात उतरला होता तिथं कमानीपाशी थांबलेल्यांपैकी कुणाची नजर जाते का, हे ती खिडकीतून बघत राहिली. कुणाची गेली नाही. किंवा गेली असेल आणि कुणी बोललं नसेल. इथं दोन्ही सारखंच.

उठताना बोडिल तिच्या खुर्चीमागे थांबली. "ऑगस्टात कोपऱ्यावरच्या हेनी आणि पालेचं चांदीचं लग्न आहे. सबंध कमान, म्हणजे दुप्पट फांद्या. छाटणीची कात्री तुझी तू आण, माझ्याकडे एकच आहे."

"आणते," इंगर-लिस म्हणाली.

तिच्याकडे छाटणीची कात्री नव्हती. जाड फांदीची हवी की बारीक फांदीची, सरळ पात्याची की बाकदार, चुकीची आणली तर प्रेबेन काय म्हणेल, हे सगळं दारापर्यंत पोचेस्तोवर तिच्या डोक्यात सुरू झालं. ती घरी गेली नाही. बंदराजवळच्या बागकामाच्या दुकानाशी गेली. दुकान अजून उघडलं नव्हतं. काचेला कपाळ टेकवून तिनं आतल्या भिंतीवर टांगलेल्या कात्र्या पाहिल्या, आणि कोटाच्या खिशात हात घालून दुकान उघडायची वाट बघत उभी राहिली.