बारा हात आन एक गाभण शेळी

आमच्या वडवणीच्या अंगाला लाठी फिरवणारा माझ्यासारखा दुसरा गडी न्हाई. म्हंजे हलगी वाजत असंल, समोरचा ओळखीचा असंल आन कुणी कुठं मारायचं हे आधी ठरलेलं असंल तर.

लाठी मला गावातल्या वस्तादानं शिकवली. ते एकट्याला कधी शिकवत नसत, जोडीनंच शिकवायचे. माझी जोड लागली ती आमच्या शेजारच्या रानवाल्यासंगं. मी चौथीतून शाळा सोडलेली, त्यानं सहावीतून. त्यामुळं आमच्या दोघांत शिकलेला त्योच.

खेळ बारा हातांचा. पहिला हात मी त्याच्या डोक्यावर टाकायचा, त्यानं काठी आडवी धरून झेलायचा. दुसरा त्यानं माझ्या गुडघ्यावर, मी उडी मारायची. सातव्याला मी खाली बसायचं, त्याची काठी माझ्या डोक्यावरून जाणार, आन मी बसल्या बसल्या बेडकासारखा गोल फिरणार. बाराव्याला पाठीला पाठ लावून दोघं उभे. मधी थांबायचं न्हाई. आन सुरू करायच्या आधी वाकून जमिनीला हात लावून सलामी द्यायची. सलामी न देता जोडीदारावर काठी उचलली तर वस्ताद तालमीतून हाकलून द्यायचे. मला दोनदा हाकललं व्हतं, पण ते सलामीमुळं न्हाई, मी त्यांचीच काठी मोडली म्हणून.

वीस-बावीस वर्षं झाली, जयंतीच्या मिरवणुकीत आमी दोघं हे बारा हात करतो. बाया गच्चीवरून बघतात. मागच्या साली सुट्टीवर आलेल्या एका फौजीनं मला इचारलं, "काका, दिसतंय लई भारी. पण खऱ्या भांडणात याचा काही उपेग व्हतो का? का नुसतं नाचणंच हाय?"

मी म्हनलं, "खऱ्या भांडणात हात टाकला तर समोरचा उठायचा न्हाई."

"किती जणांवर टाकलाय?"

"अजून कुणी भांडलं न्हाई," मी म्हनलं. ते खरं व्हतं. माझ्यासंगं भांडावं असं कुणाला वाटतच न्हाई.

यंदा हरभरा घाट्यात आलता तवाची गोष्ट. मिरवणूक पंधरा दिवसांवर व्हती. सकाळी बायको म्हनली, "आवं, ती काळी आज कळपात सोडू नका. दिवस भरलेत तिचे."

मी हं म्हनलं. काळी म्हंजे बायकोची शेळी. माहेराहून आणलेली, पोटाशी धरून वाढवलेली. तिला घरी बांधायची तर तिच्यासाठी पाला तोडून आणावा लागतो, आन पाला तोडणारा मीच. म्हणून मी तिला सोडली.

रानात गेलो, शेळ्या चरायला लावल्या, मोबाईलवर हलगी लावली आन लिंबाखाली काठी फिरवीत बसलो. डोळे मिटून फिरवीत व्हतो. डोळे मिटून जमलं की मग उघडे ठेवून जमतंय, असं माझं म्हणणं. डोळे उघडले तवा शेळ्या जोडीदाराच्या हरभऱ्यात. हाकलायला धावलो, बाकीच्या पळाल्या. काळीला काही पळता आलं न्हाई. ती त्याला घावली. त्यानं तिला विहिरीपाशी बाभळीला बांधली.

हिरवा हरभरा पोटभर खाल्ला की शेळीचं पोट फुगतं. तेल पाजून फिरवली न्हाई तर जागेवर बसते, आन बसली की उठत न्हाई. गाभण असली तर पोटातली पिलंबी जातात. हे मला ठावं हाय. पण त्या टायमाला पहिलं डोक्यात आलं ते बायको काय म्हणंल. शेळीचं मागून आलं.

काठी हातातच व्हती. मी गेलो.

"सोड बे शेळी."

"कोंडवाड्यात घालणार हाय. तिसऱ्यांदा घुसली तुझी ही धाड."

"तिचं पोट बघ की."

"तू माझा हरभरा बघ. चार सऱ्या साफ केल्यात."

"आरं गाभण हाय ती!"

"मग म्या काय बाळंतविडा आणू?"

माझं डोकं फिरलं. मी काठी उचलली. त्यानं खोपीला टेकवलेली काठी घेतली. आन मग मी वाकून जमिनीला हात लावला. काहून लावला, मला सांगता येत न्हाई. तेवढ्यात त्याला माझं टाळकं फोडता आलं असतं. पण त्योबी वाकलेला व्हता.

पहिला हात मी खरोखर मारला. सगळा राग त्यात घातला. त्यानं झेलला. झेलणारच, वीस वर्षं त्यो तिथंच येतोय. त्यानं गुडघ्यावर मारला, मी उडी मारली. मी मनात ठरवलं, आता हात बदलायचा, सरळ बरगडीत घालायचा. पण मी ठरवलेलं माझ्या हाताला कुणी सांगितलं न्हाई. हात गेला तो खांद्यावरच, आन त्यो काठी घेऊन तिथं आधीच हजर.

"तिसऱ्यांदा!" त्यो वरडला. ठक्क.

"मुकं जनावर हाय!" ठक्क.

"तू तर बोलतोस ना बे!" ठक्क.

सातव्याला मी ढेकळात बसलो आन बेडकासारखा फिरलो. मिरवणुकीत डांबर असतं. ढेकळात फिरलं की इजार मागनं फाटते, हे मला त्या दिवशी कळलं. रस्त्यावर उसाचं ट्रॅक्टर थांबलं. मागं चार मोटारसायकली थांबल्या. मानसं बांधावर येऊन उभी राहिली. कुणी शिट्टी मारली.

"वा पैलवान! वा!"

"ओ मामा, जरा इकडं तोंड करून फिरा, व्हिडिओत पाठच येतीय!"

बारावा हात झाला. आमी पाठीला पाठ लावून उभे. कुणालाच काही लागलं न्हवतं. राग तसाच व्हता. म्हणून पुन्हा पहिल्यापासनं सुरू केलं. दुसऱ्या खेपेला मानसांनी टाळ्यांनी ठेका धरला. खोटं कशाला बोलू, ठेका मिळाल्यावर माझी उडी जरा चांगलीच बसली.

तिसऱ्या खेपेला दोघांना धाप लागली आन काठ्या खाली आल्या. मी बाभळीकडं बघितलं. दावं व्हतं, शेळी न्हवती.

"शेळी कुठंय बे?" जोडीदारानं इचारलं.

"मला काय ठावं? मी तुझ्या म्होरं बसून फिरत व्हतो."

दोघांनी मिळून विहिरीत डोकावून बघितलं. नशिबानं तिथं नुसतं पाणी व्हतं. मग मी फाटकी जागा टावेलनं झाकून घरी निघालो, बायकोला काय सांगायचं ते जुळवीत.

अंगणात काळी उभी. बायको तिच्या गळ्याला धरून तिला चालवीत व्हती. भिंतीला तेलाची बाटली. शेळीचं पोट उतरलं व्हतं, रवंथ सुरू झालता. पोटातल्या पिलांची हालचाल बाहेरून दिसत व्हती.

माझ्या जिवात जीव आला. जीव आला की माझं तोंडबी येतं. मी ओट्यावर बसलो आन म्हनलं, "बघ. फौजी इचारत व्हता, उपेग काय. मी जोडीदाराला बारा हातांत गुंतवून ठेवला म्हणून तुला शेळी सोडवता आली."

बायकोनं मान वर केली न्हाई.

"काळी दावणीला दिसंना म्हणून म्या रानात आले, खोपीतल्या त्याच्या मायला इचारलं. ती लगेच 'ने बाई' म्हनली. पण वाटंत तुमचा तमाशा चालू, मानसांनी बांध भरलेला. शेळीला घेऊन वढ्याच्या अंगानं लांबून यावं लागलं. भांडायच्या जागी तुमी घरी येऊन निजला असता तर ती कवाच बरी झाली असती."